नळाचा सांधा

हेमलकसा हे भामरागड तालुक्यातले गाव. आल्लापल्लीहून भामरागडला जाणाऱ्या रस्त्यावर, भामरागडच्या थोडे अलीकडे लागते. पुढे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. म्हणजे डोळ्यांना पाणी भरपूर दिसते. पण डोळ्यांना दिसणारे सगळेच पाणी पिण्याचे नसते. हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पूर्वी आपल्या आया-आज्या पहाटे नदीवर जात. वाळूत हाताने खड्डा करत. त्यात हळूहळू पाणी झिरपे. ते वाटीने घागरीत भरत. मग हातपंप आला. दांडा मारला की पाणी. आता नळ येऊ लागला आहे. विंधन विहिरीवर मोटार बसते. कुठे ती विजेवर चालते, कुठे उन्हावर चालते. पाणी उंच टाकीत चढते आणि पाईपने घराकडे उतरते.

२०१९ साली देशात ‘जल जीवन मिशन’ ही योजना सुरू झाली. खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ असावा, माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे तिच्यात ठरले. आपल्या भागात काही टोल्यांत नळ आले, काही टोल्यांत अजून यायचे आहेत. जिथे आले तिथे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. ही मोठीच गोष्ट झाली.

पण नळ आला म्हणजे काम संपले का? नाही. हातपंप बिघडला तर सारा गाव ओरडतो. घरचा नळ बिघडला तर कोण ओरडणार? त्याची काळजी आपली आपणच घ्यायची. म्हणून या पाठात आम्ही नळाचा सांधा कसा जोडावा ते सांगणार आहोत. आणि तो नीट का जोडावा, तेही सांगणार आहोत.

सांधा म्हणजे काय?

दोन तुकडे जिथे एकमेकांना मिळतात, तो सांधा. आपल्या गुडघ्याला सांधा आहे. नांगराला सांधा आहे. तसाच नळालाही आहे. कोणी त्याला जोड म्हणतात.

अंगणातल्या नळापाशी उभे राहा आणि मोजा. रस्त्यातल्या मोठ्या पाईपाला आपला लहान पाईप जोडला, तो पहिला सांधा. पाईपाला कॉक बसवला, तो दुसरा. पाईप जमिनीतून वर वळवला, तो तिसरा. वर तोटी बसवली, तो चौथा. कुणाकडे न्हाणीत किंवा चुलीजवळ आणखी एक नळ असतो. तिथे आणखी सांधे आले.

पाईप सहसा मधे फुटत नाही. गळतो तो सांध्यातच. आंगठ्याएवढी जागा, पण घराचे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते.

गळका सांधा काय करतो?

“थोडे गळते, गळू द्या. बादली खाली ठेवली आहे ना!” असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांना वाटते, गळक्या सांध्यातून पाणी फक्त बाहेर जाते. हे अर्धेच खरे आहे.

नळाला पाणी चालू असते तेव्हा पाईपात जोर असतो. टाकी उंच, नळ खाली. तो जोर पाण्याला बाहेर ढकलतो. म्हणून फटीतून पाणी बाहेर येते. पण आपल्याकडे नळ दिवसभर चालतो का? सकाळी थोडा वेळ येतो आणि जातो. कधी वीज जाते. कधी आभाळ भरून येते आणि उन्हावरची मोटार थांबते. पाणी थांबले की पाईपातला जोर जातो. त्याच वेळी सखल भागातल्या घरी कुणी तोटी उघडते. पाईपात उरलेले पाणी तिकडे उतरू लागते. त्याच्या मागे पाईपात पोकळी होते. ती पोकळी बाहेरून जे मिळेल ते ओढून घेते. वारा मिळाला तर वारा. चिखल मिळाला तर चिखल. भांडी घासलेले घाण पाणी साचले असेल तर तेही.

दुसऱ्या दिवशी पाणी येते. ती घाण त्या पाण्याबरोबर घागरीत पडते. पाणी वरून स्वच्छ दिसते. वासही येत नाही. पण पोटात जाते ते काल बाहेर साचलेलेच.

म्हणून ध्यानात ठेवा. ज्या फटीतून पाणी बाहेर येते, त्याच फटीतून घाण आत जाते. पाणी चालू असताना एक काम, पाणी बंद असताना दुसरे काम.

करून पाहा

हे खोटे वाटत असेल तर घरी करून पाहा. दोन बादल्या घ्या. एक खाटेवर ठेवा, एक जमिनीवर. वरच्या बादलीत पाणी भरा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. आता हातभर लांब रबरी नळी घ्या. ती चांगल्या पाण्याने पूर्ण भरा. दोन्ही टोके आंगठ्याने दाबून धरा. एक टोक वरच्या पिवळ्या पाण्यात बुडवा आणि आंगठा काढा. दुसरे टोक खालच्या बादलीत सोडा आणि आंगठा काढा.

काय झाले? पिवळे पाणी आपणहून बादलीचा काठ चढले आणि खाली उतरू लागले. कुणी ओढले नाही, कुणी ढकलले नाही. खाली उतरणाऱ्या पाण्यानेच मागचे पाणी ओढून आणले. ड्रममधले डिझेल नळीने काढतात ते असेच.

आता विचार करा. अंगणातल्या नळाला रबरी नळी लावली आहे. नळीचे टोक भांड्यांच्या बादलीत बुडाले आहे. बादलीत राख, खरकटे, माशाचा वास. तोटी उघडीच आहे आणि पाणी गेले. खालच्या घरी कुणी नळ उघडला. बादलीतले ते पाणी कुठे जाईल? उत्तर तुम्हीच द्या.

असे खरोखर घडले आहे

२०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेला मोठा पूर आला. पाणी भामरागडच्या बाजारात आणि घरांत शिरले. पुराच्या पाण्यात काय काय असते ते तुम्ही जाणता. गोठ्यातले असते, उकिरड्यावरचे असते, मेलेले जनावरही असते. ते पाणी जिथे जिथे साचते, तिथे जमिनीतला पाईप त्याच्याखाली बुडतो. अशा वेळी मोटारही बंद असते, पाईप रिकामा असतो. सांधा पक्का असेल तर पूर वरून निघून जातो. सांधा सैल असेल तर पूर पाईपात शिरतो. म्हणून पूर ओसरल्यावर नळाचे पहिले पाणी सोडून द्यावे. टाकी आणि पाईप ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन घ्यावेत. तोवर पाणी उकळून प्यावे.

दुसरी गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यातली. तिथे इचलकरंजी नावाचे मागांचे मोठे शहर आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात काविळीची साथ आली. पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले होते. गळक्या पाईपांचा त्यात मोठा हात होता. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. अशी कावीळ पोटातून होते. दिवस गेलेल्या बाईला ती फार धोक्याची असते. हे सर्व घरांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट साता समुद्रापलीकडची आहे. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन नावाची एक बाई होती. भांडी धुणारे एक यंत्र तिने काढले. १८८६ साली तिला त्याचा सरकारी हक्क मिळाला. १८९३ साली शिकागो शहरात मोठी जत्रा भरली, तिथे हे यंत्र लोकांनी पाहिले. हॉटेलवाल्यांनी ते विकत घेतले. आता पुण्या-मुंबईच्या काही घरांतही असे यंत्र असते. त्यात भांडी रचतात, दार लावतात. आत गरम पाण्याचे फवारे उडतात. भांडी धुऊन निघतात.

पुढे १९३३ साली त्याच शिकागोत पुन्हा एक मोठी जत्रा भरली. देशोदेशीचे पाहुणे आले. पुष्कळ जण दोन मोठ्या हॉटेलांत उतरले. हॉटेले नामांकित, पण त्यांचे पाईप जुने होते. चांगल्या पाण्याचा पाईप आणि मैल्याचा पाईप यांची आतल्या आत गाठ पडली होती. पिण्याच्या पाण्यात मैला गेला. चौदाशेपेक्षा जास्त माणसांना आमांश झाला. त्यांतली ९८ माणसे मेली.

श्रीमंत हॉटेल आणि आपले अंगण यांत फरक खूप. पण पाण्याचा नियम दोन्हीकडे एकच. पाणी मोठा-लहान पाहत नाही. वाट मिळाली की ते जाते.

आधी सामान जमवा

आपल्याकडे पावसाळ्यात नाले भरून वाहतात. रस्ते तुटतात. तेव्हा मिस्त्री मिळत नाही आणि बाजारही मिळत नाही. म्हणून मृगाच्या आधीच हे सामान घरी आणून ठेवावे.

एक नवी तोटी. आपल्या घरच्या नळाला बहुधा अर्धा इंची तोटी लागते. तरी जुनी तोटी किंवा तिचे माप घेऊनच दुकानात जावे. डोळ्याच्या अंदाजाने आणू नये.

टेफ्लॉनच्या टेपची एक गुंडाळी. ही पातळ पांढरी पट्टी असते, हाताला गुळगुळीत लागते. तिला डिंक नसतो. विजेच्या तारेला लावतात ती काळी चिकटपट्टी वेगळी. ती इथे चालत नाही.

दोन-चार रबरी वायसर. दोन पाने. एक कोरडे फडके. दात घासायचा जुना ब्रश. शेजाऱ्याकडे पाना असेल तर मागून आणावा. पाच घरांनी मिळून दोन पाने घेतले तरी सर्वांचे काम भागते.

पूर्वी मिस्त्री सांध्याला सुतळी आणि सफेदा लावत. त्या जुन्या सफेद्यात शिसे असे. शिसे हे विष आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळाला ते लावू नये.

तोटी कशी बदलावी?

पहिले काम, घरात दिवसभराचे पाणी भरून ठेवा. काम अर्धे राहिले तर पंचाईत नको.

दुसरे काम, कॉक बंद करा. मग जुनी तोटी उघडा आणि पाईपातले पाणी वाहून जाऊ द्या. पाणी थांबले तर ठीक. थांबत नसेल तर कॉक खराब आहे. अशा वेळी पुढे जाऊ नका. गावचा वॉल्व जो उघडतो-लावतो, त्याला सांगा. त्याला वॉल्व बंद करू द्या.

तिसरे काम, जुनी तोटी काढा. एका पान्याने पाईप घट्ट धरा. दुसऱ्या पान्याने तोटी फिरवा. पाईप न धरता तोटी फिरवली तर खालचा सांधा सैल होतो. वरचे गळणे थांबते आणि जमिनीत गळणे सुरू होते. ते दिसतही नाही. म्हणून दोन पाने लागतात. तोटीकडे तोंड करून डावीकडे फिरवले की सैल होते, उजवीकडे फिरवले की घट्ट होते.

चौथे काम, आटे साफ करा. पाईपाच्या तोंडात गोल गोल खाचा दिसतात, त्यांना आटे म्हणतात. त्यांत जुनी टेप, माती, गंज अडकलेला असतो. ब्रशने तो काढा. काढलेला कचरा पाईपात पडू देऊ नका. फडक्याने कोरडे पुसा.

पाचवे काम, टेप गुंडाळा. नवी तोटी हातात धरा. तिचे आटे तुमच्या तोंडाकडे करा. घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने टेप गुंडाळा. पाच-सहा वेढे पुरे. टेप जरा ताणून धरा, म्हणजे ती खाचांत बसते. अगदी टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे आत जातात. टेप उलट गुंडाळली तर तोटी फिरवताना ती सुटून गोळा होते. मग वेढे दहा घेतले तरी सांधा गळतोच.

सहावे काम, तोटी बसवा. आधी हातानेच फिरवा. सरळ आत जात असेल तर आटे जुळले. वाकडी जात असेल, अडत असेल, तर काढा आणि पुन्हा लावा. जोर करू नका. हाताने होईल तितकी घट्ट झाली की मग पाना लावा. लोखंडी पाईपाला थोडा जोर चालतो. प्लास्टिकच्या पाईपाला जास्त जोर केला तर तो चिरतो. तोटीचे तोंड बरोबर खाली आले की थांबा. पुढे गेली म्हणून मागे फिरवू नका. मागे फिरवली की टेप सैल होते. अशा वेळी तोटी काढून नवी टेप गुंडाळावी. टेपला पैसे थोडे लागतात, दवाखान्याला फार लागतात.

सातवे काम, कॉक हळूहळू उघडा. आधी वारा येईल, मग गढूळ पाणी येईल. पहिली बादली झाडांना घाला, पिऊ नका.

आठवे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच आपण विसरतो. सांधा फडक्याने पूर्ण कोरडा करा. त्याभोवती कोरड्या कागदाचा तुकडा धरा. कागदाला डाग पडला का? एका तासाने पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. तीन वेळा कागद कोरडा राहिला तर सांधा पक्का.

प्लास्टिकचा पाईप आणि लवचिक नळी

काही घरांत पाईप आट्यांचा नसतो. प्लास्टिकचे तुकडे सोल्युशन लावून चिकटवलेले असतात. तिथे टेप लावत नाहीत. पाईप सरळ कापावा. कापलेली कड घासून गुळगुळीत करावी. दोन्ही तोंडे पुसून कोरडी करावीत. ओल्या पाईपाला सोल्युशन धरत नाही, म्हणून हे काम पावसात करू नये. दोन्ही तोंडांना सोल्युशन लावावे, पाईप थोडा फिरवत आत ढकलावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. डब्यावर जितका वेळ लिहिला असेल तितका वेळ पाणी सोडू नये. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा डब्यावरचे वाचा. जे समजणार नाही ते शाळेतल्या मुलाकडून समजून घ्या. सोल्युशनचा वास छातीत भरतो. म्हणून उघड्यावर काम करावे. जवळ चूल किंवा विडी पेटती नसावी.

काही नळांना लवचिक नळी असते. भांडी धुण्याच्या यंत्राला पाणी जोडतात ते बहुधा अशाच नळीने. तिच्या टोकाला फिरकी असते आणि फिरकीच्या आत रबरी वायसर असतो. इथे पाणी अडवतो तो वायसर. म्हणून इथे टेप लावायची नसते. जुना यंत्र किंवा नळ काढला की जुना वायसर फेकून द्यावा. तो दबून कडक झालेला असतो. नवा वायसर सपाट बसवावा. फिरकी हाताने घट्ट करावी, मग पान्याने पाव फेरा. बस्स. जास्त आवळले तर रबर कापले जाते.

सांधा गळू लागला की आपण त्यावर चिंधी बांधतो, सायकलची ट्यूब गुंडाळतो. अडीनडीला हे चालेल. पण चिंधी ओली राहते, तिच्यात घाण साचते आणि पाणी गेले की तीच घाण आत जाते. चिंधीने गळणे झाकले जाते, बरे होत नाही. दोन दिवसांत सांधा नव्याने जोडावा.

नळी बादलीत बुडवू नका

“मिस्त्रीदादा, नळी बादलीत सोडली तर काय बिघडलं? पाणी तर नवंच येतंय.”

“बाई, पाणी येतंय तोवर ठीक. गेलं की काय? नळीनं ते परत वर जातं.”

“मग काय करायचं? उचलून तर धरता येत नाही दिवसभर.”

“तोटी बादलीच्या काठाच्या वर पाहिजे. चार बोटं जागा मोकळी ठेवा. मधे वारा असला की पाणी मागं जाणार नाही. पाण्याला उडी मारता येत नाही ना!”

मिस्त्रीदादांचे म्हणणे खरे आहे. तोटी आणि बादली यांच्यामधली ती चार बोटे मोकळी जागा म्हणजे बिनपैशाचा पहारेकरी. शहरातल्या भांड्यांच्या यंत्रालाही घाण पाणी मागे येऊ नये म्हणून अशीच सोय करावी लागते. कुठे मधे मोकळी जागा ठेवतात. कुठे घाण पाण्याची नळी आधी उंच चढवून मग मोरीत सोडतात. नळी लावायचीच असेल तर काम झाले की तोटी बंद करा, नळी काढा आणि खुंटीला टांगा.

नळाखाली चिखलही नको. खाली दगड किंवा फरशी बसवा. सांडपाणी चर काढून केळीच्या, पपईच्या झाडाकडे न्या. नाहीतर शोषखड्डा करा. पाईप गटारातून नेऊ नका. गटार ओलांडायचेच असेल तर पाईप त्याच्यावरून न्या.

शेजाऱ्याचे पाणी

काही जण नळाला लहान मोटार लावतात. तिने पाणी ओढतात. त्यांची टाकी लवकर भरते. पण ते पाणी येते कुठून? शेजाऱ्याच्या पाईपातून. शेजाऱ्याचा पाईप रिकामा होतो, आणि त्याच्या गळक्या सांध्यातून, रस्त्यातल्या गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. मग ती घाण सर्वांकडे जाते, मोटारवाल्याच्या घरीही जाते. म्हणून नळाला मोटार लावणे हा गावाचा अपराध आहे. ग्रामसभेत हा विषय मांडावा.

कोणता सांधा कुणाचा, हेही समजून घ्या. अंगणातला कॉक, पाईप आणि तोटी आपण सांभाळायची. रस्त्यातला मोठा पाईप आणि त्यावरचा जोड ग्रामपंचायतीचा. त्याला आपण स्वतः भोक पाडू नये. तिथे पाणी झिरपताना दिसले तर ग्रामपंचायतीला कळवावे. गावात पाणी पुरवठा व स्वच्छता समिती असते. जलसुरक्षक असतो. पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकणे आणि पाण्याचा नमुना तपासायला पाठवणे हे त्याचे काम आहे. गावच्या पाण्याची पाहणी होते आणि गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे.

थोडा हिशेब

गळत्या सांध्याखाली पेला ठेवा. समजा, २०० मिलिलिटरचा पेला एका तासात भरला. पाणी दिवसभर चालू असेल तर २४ तासांत २४ पेले.

२४ × २०० = ४,८०० मिलिलिटर, म्हणजे ४ लिटर ८०० मिलिलिटर.

महिन्याचे ३० दिवस धरा. १४४ लिटर झाले. माणशी रोज ५५ लिटर म्हटले तर एका माणसाचे अडीच दिवसांपेक्षा जास्त दिवसांचे पाणी चिखलात गेले. हा हिशेब फक्त बाहेर गेलेल्या पाण्याचा. आत काय गेले, त्याचा हिशेब पेल्याने होत नाही. तो पोरांच्या हगवणीने होतो.

हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हा प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीला झाडाखाली बसून रोग्यांना औषध दिले. दूरदूरच्या टोल्यांतून लोक पायी येत. आजही आजारी माणसाला तिथे आधार आहे. पण हगवण लागलेले लेकरू खांद्यावर घेऊन, भरलेला नाला ओलांडून दवाखान्याला जाणे किती कठीण, हे आपल्या भागातल्या आईला विचारा. त्यापेक्षा उन्हाळ्यातच एक सकाळ काढून सांधा जोडणे सोपे आहे.

तेव्हा मंडळी, हा पाठ वाचून झाला की बाहेर या. आपल्या नळाचे सांधे मोजा. प्रत्येकाला कोरडा कागद लावून पाहा. डाग पडला तर येत्या बाजाराच्या दिवशी टेप आणि वायसर आणा. म्हातारे माणूस किंवा एकटी बाई शेजारी राहत असेल तर तिचाही नळ पाहून द्या. तिचा सांधा आणि आपला सांधा एकाच पाईपावर आहेत.

सांगा पाहू

१. तुमच्या घरच्या नळाला किती सांधे आहेत?

२. गळक्या सांध्यातून घाण केव्हा आत जाते?

३. तोटी काढताना दोन पाने का लागतात?

४. टेप कोणत्या दिशेने गुंडाळावी?

५. तोटी आणि बादली यांच्यामधे किती जागा ठेवावी? का?

६. एक पेला दोन तासांत भरतो. एका दिवसात किती पेले पाणी जाईल?

हे शब्द वाचा आणि लिहा

सांधा, तोटी, आटे, वायसर, पाना, कॉक, पाईप, शोषखड्डा, जलसुरक्षक, ग्रामसभा.